बर्फावरची वर्गणी

खेळांचा इतिहास सामान्यतः जेत्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणी कोणत्या साली कोणता उतार किती वेळात पार केला, पदक कोणाच्या गळ्यात पडले, ह्याच्या नोंदी काटेकोरपणे ठेवलेल्या असतात. परंतु ज्याने जन्मात प्रथमच बर्फावर पाय ठेवला, तिसऱ्या पावलाला बसकण मारली आणि तरीही पुढच्या हिवाळ्यात पैसे साठवून जो पुन्हा आला, त्याची नोंद कोठेच सापडत नाही. माझे म्हणणे असे की, बर्फावरच्या खेळांचा खरा इतिहास ह्या दुसऱ्या माणसाचा आहे. त्याच्यासाठी आगगाड्या सोडल्या गेल्या, दोर ओढले गेले, शाळा निघाल्या, फळ्या जोडल्या गेल्या. शिवाय हा माणूस एकटा क्वचितच येत असे. त्याच्यासारखेच चार नवशिके त्याच्याबरोबर असत आणि खर्चाची वाटणी होत असे.

हा विचार मला सुचला तो एका अंदाजपत्रकाच्या निमित्ताने. आम्ही पाच मित्र येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन स्नोबोर्ड शिकणार आहोत. ज्यांचा ह्या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, स्कीमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात आणि माणूस एका कुशीने उतारावरून घसरत जातो. आम्हां पाचांपैकी एकालाही ह्यातले काही येत नाही, आणि खिशाच्या बाबतीत तर सगळेच जेमतेम. हिशेबाचे काम माझ्याकडे आले. कागदावर मी सहा रकाने आखले: प्रवास, मुक्काम, शिक्षक, वर नेणारी लिफ्ट, फळीचे भाडे आणि कपडे. आकडे भरता भरता लक्षात आले की, ह्यांपैकी बहुतेक रकान्यांच्या मागे कोणा ना कोणा हलक्या खिशाच्या नवशिक्याची हकिकत उभी आहे.

प्रवास आणि मुक्काम हे रकाने पहिल्याने घेऊ. आल्प्स पर्वतातील हिवाळी सहली मध्यमवर्गाच्या आवाक्यात ज्यांनी आणल्या त्यांत हेन्री लन ह्या इंग्रज गृहस्थाचे नाव ठळक आहे. त्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १८८७ साली तो मेथॉडिस्ट पंथाचा मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला. प्रकृती साथ देईना म्हणून लवकरच परतला. आणि परतल्यावर येथील मिशनऱ्यांच्या सुखासीन राहणीवर टीका करून त्याने स्वपंथीयांचा रोष ओढवून घेतला. त्याचा मुलगा आर्नल्ड १८८८ साली मद्रासेत जन्मला. पुढे १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे आधुनिक पद्धतीची स्लॅलम शर्यत प्रथम मांडली ती ह्याच आर्नल्डने.

हेन्री लनने १८९२ साली निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या धर्मोपदेशकांना एकत्र आणण्यासाठी ग्रिंडेलवाल्ड येथे परिषद भरवली. एवढ्या माणसांना स्वित्झर्लंडात न्यायचे म्हणजे गाडीभाडे आणि हॉटेले घाऊक ठरवणे भाग होते. पंथांचे ऐक्य काही झाले नाही, पण घाऊक ठरवण्याची युक्ती लनच्या हाती राहिली. १८९८ साली त्याने हिवाळी खेळांसाठी एक तुकडी फ्रान्समधील शामोनीला नेली. त्या काळी डोंगरांतील पुष्कळशी हॉटेले उन्हाळा संपला की दारे लावून घेत. बंद हॉटेलाच्या मालकाला हिवाळ्यात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे निव्वळ लाभ. पन्नास माणसांची हमी मिळाली तर तो चुली पेटवायला तयार होई, दरही कमी करी. जे एकट्याला महाग ते जमावाला स्वस्त, हे सहलीच्या अर्थशास्त्राचे पहिले सूत्र असे आकाराला आले. पुढे लनने १९१०-११ च्या हिवाळ्यात म्यूरेनला जाणारी डोंगरी रेल्वेही चालू ठेवायला लावली.

परंतु लगेच दुसरी गोष्ट घडली. १९०५ च्या सुमारास ह्याच लनने एक मंडळ काढले. त्याचे सभासद होण्यासाठी माणूस इंग्लंडातील महागड्या पब्लिक स्कुलांत किंवा विद्यापीठांत शिकलेला अथवा सैन्यातील अधिकारी असावा लागे, आणि काही हॉटेले हंगामापुरती ह्या सभासदांसाठी राखून ठेवली जात. वर्गणीने उघडलेले दार वर्गाने बंद केले. हा प्रकार मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या साऱ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा दिसतो. कोणी तरी युक्तीने कुंपणाला खिंड पाडतो, चार सामान्य माणसे आत येतात, आणि मागोमाग कोणी तरी खिंडीत फाटक बसवतो.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये नेमक्या उलट विचाराची माणसे एकत्र आली होती. १८९५ साली गेओर्ग श्मीडल हा शिक्षक, आलोइस रोहराउअर हा लोहार आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी ह्यांनी मिळून ‘निसर्गमित्र’ ह्या अर्थाच्या नावाची कामगारांची एक भ्रमणसंस्था स्थापली. हा रेनर पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. संस्थेच्या मंडळींचे परस्परांना अभिवादन होते ‘डोंगर मोकळा’. हे अभिवादन पोकळ नव्हते. त्या काळी कित्येक डोंगर व रानवाटा खाजगी मालकीच्या होत्या आणि सामान्य माणसाला तेथे मज्जाव होता. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला हॉटेल परवडत नाही, तर आपणच निवारा बांधू, असे त्यांनी ठरवले. १९०७ साली टायरॉल प्रांतात त्यांचे पहिले डोंगरघर उभे राहिले. ही सभासदांच्या वर्गणीची आणि श्रमाची घरे होती. १९३३ साली जर्मनीत आणि १९३४ साली ऑस्ट्रियात ह्या संस्थेवर बंदी आली आणि तिची घरे जप्त झाली. स्वस्त सहल ही राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी अशी गोष्ट असू शकते, हे त्या बंदीने दाखवून दिले. गरीब माणसे एकत्र येऊन आनंद करू लागली की ती इतर कामांसाठीही एकत्र येतील, अशी भीती असते. युद्धानंतर संस्था पुन्हा उभी राहिली.

आता शिक्षकाचा रकाना. नवशिक्याला शिक्षक लागतोच. परंतु एकेकट्याला शिक्षक परवडत नाही. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथील माथियास झ्दार्स्की ह्याने १८९७ च्या सुमारास तीव्र उतारांवरील स्कीचे तंत्र पुस्तकरूपाने मांडले आणि माणसांच्या रांगा उभ्या करून त्यांना ते शिकवले. त्याच्या मागून हान्नेस श्नायडर आला. १९०७ पासून सेंट आंटन गावी तो पाहुण्यांना शिकवू लागला आणि त्याने तेथे एक शिस्तबद्ध शाळाच उभी केली. सगळे नवशिके एका वर्गात, थोडे जमणारे दुसऱ्यात, जाणते तिसऱ्यात, आणि प्रगती दिसली की वरच्या वर्गात बढती. आज जगातील बहुतेक हिमशाळांत हीच रीत आहे. तिचा शैक्षणिक गुण सर्वजण सांगतात, पण आर्थिक गुणही तेवढाच मोठा आहे. एका शिक्षकाचे वेतन आठ-दहा जणांत वाटले गेले, आणि एकाच्या पडण्यातून उरलेले शिकू लागले. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर श्नायडरला अटक झाली. १९३९ साली त्याची सुटका होऊन तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधील नॉर्थ कॉन्वे येथे आला आणि त्याची रीतही त्याच्याबरोबर आली.

तो आला त्या प्रदेशात जमीन आधीच तयार होती. महामंदीच्या काळात, ११ जानेवारी १९३१ रोजी, बोस्टन अँड मेन रेल्वेने बोस्टनहून न्यू हॅम्पशरमधील वॉर्नर गावी पहिली हिमगाडी सोडली. सकाळी निघावे, दिवसभर बर्फावर खेळावे आणि रात्री घरच्या अंथरुणावर पडावे, असा बेत. मुक्कामाचा रकानाच कोरा झाला! मंदीमुळे रेल्वेला उतारू हवे होते आणि उतारूंना स्वस्त विरंगुळा हवा होता. दोघांच्या अडचणीने एकमेकांची सोय केली.

लिफ्टचा रकाना सर्वांत मौजेचा आहे. नवशिक्याची शक्ती उतरण्यात जात नाही, चढण्यात जाते. अर्धा तास चढावे आणि दीड मिनिटात उतरावे, तेही पडत पडत. दिवसाकाठी सराव तो कितीसा होणार? व्हरमाँट राज्यातील वुडस्टॉक गावी उतरलेल्या न्यू यॉर्कच्या काही पाहुण्यांनी नेमकी हीच कुरकुर विश्रामगृहाच्या मालकांपाशी केली. १९३४ च्या जानेवारीत गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणावर एक दोर फिरू लागला. तो फिरवणारे इंजिन जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचे होते. दोर हातांनी घट्ट धरायचा, की माणूस स्कीवर उभ्या उभ्याच वर ओढला जाई. हातमोजे फाटत, खांदे दुखत. पण दिवसाला चार-पाच फेऱ्यांऐवजी वीस-पंचवीस होऊ लागल्या. अमेरिकेतला हा पहिला दोर. कॅनडात असा प्रयोग ह्याच्या थोडा आधी झाला होता. एक मोटार, एक दोर आणि एक टेकडी एवढ्या भांडवलावर गावोगाव असे उतार निघाले. त्याच वर्षी ऑस्ट्रियात कामगारांची डोंगरघरे जप्त होत होती. एकीकडे खिंड बुजत असता दुसरीकडे अशी फुटत होती.

येथेही फाटक लवकरच बसले. १९३६ साली युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहो राज्यात सन व्हॅली हे डौलदार ठिकाण उभारले आणि तेथे खुर्च्यांची लिफ्ट बसवली. जिम कर्रन ह्या अभियंत्याला जहाजांत केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रांचा अनुभव होता. आकड्यांना घडांऐवजी खुर्च्या लटकवल्या तर माणसेही चढतील, हे त्याने ताडले. युक्ती उत्तम, पण खर्च मोटारीच्या इंजिनाचा नव्हे. पोलादी खांब आले, कर्ज आले, तिकीट वाढले. दोराचे कुरण मागे पडू लागले आणि खुर्चीचा डोंगर पुढे आला.

मग पुढची खिंड फुटली ती खेळण्याच्या दुकानातून. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी शर्मन पॉपेन ह्या अभियंत्याने आपल्या मुलींना रमवण्यासाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यावर उभे राहून मुलींना परसातल्या उतारावरून घसरू दिले. त्याच्या पत्नीने बर्फ आणि लाटांवरचा सर्फिंगचा खेळ ह्यांच्या नावांचा जोड करून त्याला ‘स्नर्फर’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी ब्रन्सविक कंपनीने ही फळी बाजारात आणली. तिला पायांचे बंध नव्हते. टोकाला एक दोरी होती, ती धरून तोल सांभाळायचा. ना महाग बूट, ना लिफ्ट, ना शिक्षक; गल्लीतला उतार पुरे. योगायोग असा की, त्याच १९६५ साली फ्रान्समध्ये तरुणांना अल्प दरात डोंगरी व मैदानी खेळ शिकवणारी, नफ्यासाठी न चालणारी यूसीपीए ही संस्था स्थापन झाली. महाग झालेल्या डोंगराला एका बाजूने संस्थेने उत्तर दिले, दुसऱ्या बाजूने एका बापाने.

स्नर्फरवर वाढलेल्या मुलांपैकी जेक बर्टन कार्पेंटर ह्याने १९७७ साली व्हरमाँटमध्ये फळ्या बनवण्याचा उद्योग काढला. टॉम सिम्सने तर १९६३ सालीच शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात बर्फावरची फळी बनवली होती. बर्टनने फळीला पायांचे बंध लावले. १९७९ साली तो अशी फळी घेऊन मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत उतरला, तेव्हा ‘हे नियमात बसत नाही’ अशी तक्रार झाली आणि त्याच्यासाठी निराळा गट करावा लागला. खेळण्यापासून खेळ झाला तो ह्या टप्प्यावर.

स्कीच्या डोंगरांनी ह्या पोरांना दारात उभे केले नाही. विम्याची सबब पुढे केली गेली. फळीने उतार खराब होतो, पोरे आडदांड आहेत, असेही म्हटले गेले. पोरे चोरून, रात्री पायी चढून जात. १९८२ साली वुडस्टॉकजवळच्या सुइसाइड सिक्स ह्या डोंगरावर त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. मोटारीच्या इंजिनावर दोर फिरवणाऱ्या त्याच गावाच्या शिवारात अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा एक स्वस्त खेळ पाय रोवत होता. पुढच्या वर्षी स्ट्रॅटन डोंगराने दार किलकिले केले. आरंभी काही ठिकाणी फळीवाल्याला परीक्षा देऊन ओळखपत्र मिळवावे लागे. १९९८ साली नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला. तरी यूटा राज्यातील आल्टा व डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन ही तीन ठिकाणे फळीला आजही मज्जाव करतात. त्यांतील मॅड रिव्हर ग्लेन हे १९९५ पासून खेळाडूंच्याच सहकारी मालकीचे आहे. तात्पर्य, सहकारानेही फाटक बसू शकते. वर्गणी कोणाकडून घेतली आणि कोणाला बाहेर ठेवले, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

बंदी उठली तशी किंमत चढली. आज अमेरिकेतील बड्या डोंगरांवर एका दिवसाचे तिकीट अडीचशे डॉलरांच्या वर जाते. २००८ साली व्हेलच्या कंपनीने पूर्ण हंगामाचा स्वस्त पास काढला, परंतु तो बर्फ पडण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि पुष्कळ दिवस खेळणाऱ्यालाच परवडतो. नवशिक्याला आपल्याला हा खेळ आवडेल की नाही हेच ठाऊक नसते. तो आगाऊ पैसे कसे भरणार? हे नवे फाटक आकड्यांचे आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

ह्या पार्श्वभूमीवर गुलमर्गकडे पाहावे. तेथे १९२७ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापला; तो अर्थात साहेबांपुरता होता. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, भारत सरकारच्या पर्यटन खात्याने तेथे स्की व गिर्यारोहणाची संस्था काढली. तिच्या अभ्यासवर्गांत निवास, साधने आणि शिक्षण एकाच शुल्कात येते. लनची घाऊक युक्ती आणि श्नायडरचा वर्ग ह्यांचा हा सरकारी मेळ आहे. १९९८ साली तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा आणि २००५ साली दुसरा टप्पा सुरू झाला. दुसरा माणसाला चार हजार मीटरांच्या जवळपास नेतो. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर आगगाडी धावू लागल्याने हिमगाडीची सोयही आपल्याकडे आली. श्रीनगरहून टंगमर्ग, आणि तेथून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने. एक गाडी पाच जणांत वाटली की भार हलका होतो.

इतिहास वाचून माझे रकाने बदलले. गोंडोलाचा दुसरा टप्पा मी काढून टाकला. वरचे उतार सफाईने आखलेले नाहीत, तेथे हिमप्रपाताचे भय असते. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे दोन पोलिश स्कीपटू हिमप्रपातात दगावले. नवशिक्याला लागते ते गिल्बर्टचे कुरण, आणि गुलमर्गच्या मधोमध ते आहेच. फळी आणि बूट भाड्याने. जाड जाकिटे ओळखीच्यांकडून उसनी. परंतु शिक्षकाच्या रकान्याला मी कात्री लावली नाही. फळीवर दोन्ही पाय जखडलेले असल्याने तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही. उताराच्या बाजूची कड बर्फात रुतली की माणूस आपटतो आणि आपटताना हात पुढे करतो. म्हणून नवशिक्यांची मनगटे मोडतात. मनगटाचे पट्टे, शिरस्त्राण आणि पहिल्या तीन दिवसांचा शिक्षक, ह्यांत काटकसर करणारा शेवटी हाडवैद्याला पैसे मोजतो.

एक रकाना मात्र इतिहासानेही सोपा केला नाही. आमच्यातील एक मित्र शिकवण्या घेऊन घर चालवतो. एकूण रकमेला पाचाने भागल्यावर जो आकडा आला, तो ऐकून त्याने शांतपणे सांगितले, ‘तुम्ही जाऊन या. आल्यावर फोटो दाखवा.’ त्याच्या वाट्याचे आम्ही भरू, असे एकाने म्हटले. ते त्याला रुचले नाही, आणि रुचू नये हेच योग्य. दानाने आलेला माणूस पाहुणा असतो, वर्गणीने आलेला सभासद असतो. व्हिएन्नाच्या लोहाराला आणि शिक्षकाला हा भेद कळला होता. त्यांनी दान मागितले नाही, घरे आपल्या हातांनी बांधली.

तेव्हा आम्ही भागाकार उलट बाजूने केला. एकूण खर्च पाचाने भागण्याऐवजी, त्याला जेवढे सहज पेलेल त्याला पाचाने गुणले आणि त्या रकमेत बसेल एवढीच सहल आखली. विमान गेले, आगगाडी आली. गुलमर्गचे हॉटेल गेले, टंगमर्गची खोली आली. सात दिवसांचे पाच झाले. एकाने थोडा वेळ नाक मुरडले, पण शिक्षक राहिला आणि पाचवा माणूसही राहिला.

कदाचित पाचांपैकी तिघांना हा खेळ आवडणार नाही आणि पुढच्या वर्षी ते कोकणात जातील. त्याने काही बिघडत नाही. बर्फाच्या उतारावर कोणाचा हक्क, ह्या प्रश्नाचा निकाल गेली सव्वाशे वर्षे कोणत्याही शर्यतीत लागलेला नाही. तो कागदावर लागतो, हिशेब कोणाच्या खिशापासून मांडायला घ्यायचा हे ठरते तेव्हा. भरल्या खिशापासून आरंभ केला की फाटक उभे राहते, आणि सर्वांत हलक्या खिशापासून केला की खिंड फुटते.